ड चा द

गावात शिरताना पाटी लागते: क्रोइसो इ दॉल्गेथ्लाई.
या, स्वागत आहे दॉल्गेथ्लाईत.
पण नकाशावर, टपालाच्या शिक्क्यावर, बसच्या कपाळावर
तेच गाव डॉल्गेथ्लाई. ठणठणीत ड.
चूक नाही ती. वेल्श भाषेची रीतच तशी:
कुणी गावाकडे यायला निघालं
की गावाचं पहिलं अक्षर मऊ पडतं.
आपले शब्द शेपटाशी वाकतात,
घोड्याला काही द्यायचं म्हटलं की घोडा घोडा राहत नाही.
यांचे शब्द उंबऱ्यातच टोपी काढतात.

इडवाल प्रिचर्डला मात्र हे कौतुक सांगायला जाऊ नका.
एकतीस वर्षं तो रस्ते खात्यात होता,
डांबरावर पांढऱ्या रंगात एकच शब्द लिहायला:
अराव.
अराव म्हणजे हळू.
आणि हळू लिहायची केवढी घाई!
मागे दुधाच्या टँकरांची रांग, भोंगे,
व्हॅनचं इंजिन चालूच,
रंग सुकायच्या आत पुढचं वळण गाठायचं.
घरी येऊन जेवायचाही तसाच, उभ्या उभ्या.

मग निवृत्ती. पहिल्याच हिवाळ्यात झोप गेली.
रात्री दोनला डोक्यात कुणीतरी
भांडी लावत बसायचं,
एक ठेवायचं, दोन उचलायचं.
डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठी दिली. गोळी नव्हती तिच्यात,
लिहिलं होतं: रोज चालणे.
त्याने ती औषधांच्या दुकानात नेली.
काउंटरवरची पोरगी उलटसुलट बघून म्हणाली,
हे आमच्याकडे येत नाही, काका.

पहिले पंधरा दिवस तो चालला तपासनिसासारखा.
खिशात खडू.
खिळेमोळेवाल्याच्या दारावर: पाच मिनिटांत येतो.
(मार्चपासून.)
चॅपलच्या फळ्यावर: देव सर्वांना बोलावत आहे.
खाली, दुसऱ्या हस्ताक्षरात: मागच्या दाराने यावे.
शाळेपाशी: सावकाश मुले.
आणि तिथूनच तिघं बाण सुटल्यासारखी पळाली.
एका फाटकावर: अंडी ताजी कुत्रा मोकळा पैसे डब्यात.
तिथे त्याने दोन पूर्णविराम दिले.
कुत्रा बघत होता.
बाकावर कागद, रंग ओला आहे,
पावसात त्याचीच शाई बाकभर पसरलेली.

नंतर कधीतरी, नदीकाठच्या वाटेवर,
जिथून पूर्वी रेल्वे जायची
आणि आता फक्त माणसं आणि बगळे,
भांड्यांचा आवाज थांबला.
केव्हा ते त्याला सांगता यायचं नाही.
पायांना आधी कळलं असावं.
ओहोटीची माती चकाकत होती,
पूल लाकडाचा, पावलागणिक वेगळं बोलणारा,
आणि खडू खिशातच भिजून
त्याचा पांढरा चिखल झाला होता.
विचार येत होते, नव्हते असं नाही.
ती भावाशी झालेली भांडणं, तीच पेन्शन,
पण जवळ येता येता त्यांचा
ड चा द होत होता.

काल तर गंमत झाली.
टेकडीवरच्या अरुंद रस्त्याला
पाय घसटत चालताना त्याला जुन्या रंगाखाली
त्याहून जुना रंग दिसला. त्याच्याच हातचा.
अराव नव्हे. आवरा.
घाईत अक्षरं इकडची तिकडे पडलेली,
आणि कुणी ओरडल्यावर वरून गिरवलेलं.
तीस वर्षं गाड्या त्यावरून गेल्या.
कुणी वाचलंच नव्हतं.
तो त्यावर उभा राहून एकटाच हसला,
इतका की मेंढ्यांनी चरणं थांबवलं.

मागून टपालाची लाल गाडी. मेलेरी गाडीबाहेर वाकली,
भोंगा वाजवला, पुन्हा वाजवला.
इडवाल, बाजूला हो ना, मला उशीर होतोय!
तो हलला नाही.
बुटाच्या टोकाने खाली दाखवत म्हणाला,
वाच की, बाई.